वजन कमी करा, पुढचा पेशंट

बहुतेक दवाखान्यांत वजनकाटा डॉक्टरांच्या केबिनमध्ये नसतो. तो बाहेर असतो, रिसेप्शनच्या टेबलाला खेटून. त्यामुळे आपला आकडा केसपेपरवर चढायच्या आधी बाकावरच्या आजोबांना कळतो, बाळाला डोस द्यायला आलेल्या बाईंना कळतो, पाण्याच्या फिल्टरपाशी उभ्या असलेल्या पोरालाही कळतो. "सदुसष्ट पॉइंट चार," ताई मोठ्यानं म्हणते. आपली तपासणी तिथंच झालेली असते. आत जाऊन फक्त निकाल ऐकायचा.

निकाल तीन शब्दांचा. वजन कमी करा.

गेल्या दहा वर्षांत हे मी सांगली, कोल्हापूर आणि पुणे मिळून सात डॉक्टरांकडून ऐकलंय. पाळी चार महिने आली नाही, वजन कमी करा. हनुवटीवर राठ केस आले, वजन कमी करा. डोक्यावरचे गळतायत, वजन कमी करा. एकदा डोळ्याला रांजणवाडी झाली म्हणून गेले होते. मलम लिहून झालं, आणि मी उठता उठता डॉक्टर म्हणालेच, "जरा वजनाकडे बघा."

आता आधीच एक गोष्ट कबूल करते, म्हणजे पुढचं भांडण नीट होईल. हा सल्ला खोटा नाही. पीसीओएसमध्ये इन्सुलिनचं गणित बिघडलेलं असतं, आणि वजन पाचदहा टक्क्यांनी जरी उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते, साखर सुधारते. हे मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की सातपैकी सहा जणांनी हे वाक्य उपचार सुरू करायला वापरलं नाही. भेट संपवायला वापरलं. आणि वजन वाढलं कशानं, हा प्रश्न त्या सहांपैकी एकानंही विचारला नाही. विचारला असता तर उत्तर माझ्या पर्समध्येच होतं. चंदेरी पट्टीत, दहा गोळ्या.

मी पंधरा वर्षांची असताना, २०१२ मध्ये, दहावीच्या वर्षी, सकाळी चहाचा कप हातातून उडायला लागला. पडायचा नाही, उडायचा. खांद्यातून एक हिसका यायचा आणि चहा समोरच्या भिंतीवर. आई म्हणायची, लक्ष कुठंय तुझं? लक्ष भूमितीत होतं, रात्री एक-एक वाजेपर्यंत. अशाच एका सकाळी दात घासताना मी मोरीत कोसळले. शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, कुणीतरी कांदा फोडून आणला. (फिट बहुतेक वेळा दोनतीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, पाच मिनिटांच्या वर चालली तर दवाखान्यात न्या. चप्पल पायात राहू द्या.)

मग मिरजेला नेलं. आमच्याकडे काहीही मोठं झालं की मिरजेलाच नेतात. ईईजी झाला. ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी असं लांबलचक नाव निघालं. हा वयात येताना सुरू होणारा अपस्माराचा प्रकार. सकाळचे हिसके ही त्याची ओळख, आणि अपुरी झोप हा त्याचा सर्वात मोठा मित्र. गोळी सुरू झाली, सोडियम व्हॅल्प्रोएट, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर माणूस चांगला होता. गोळी चुकवायची नाही, जागायचं नाही, विहिरीवर एकटीनं जायचं नाही, हे सगळं त्यांनी मला आणि बाबांना दोनदा सांगितलं. गोळी लागूही पडली. कप हातात राहायला लागला. दहावीला ८९ टक्के पडले.

तेव्हा माझं वजन ४६ किलो होतं. अठराव्या वर्षी ६४ झालं.

या तीन वर्षांत मी जे ऐकलं त्याचा हिशेब ठेवला नाही, पण साधारण अंदाज तुम्हाला येईल. "पोरगी खातीपिती दिसते." "हॉस्टेलचं अन्न मानवलं वाटतं." आई भातावरचं तूप बंद करायची, मी दुपारची भाकरी अर्धी करायचे, आणि भूक मात्र अशी लागायची की मेसमधून आल्यावर मी पार्ले-जीचा पुडा उभ्याउभ्या संपवायचे आणि मग रडायचे. मला वाटायचं माझ्यात संयम नाही. तीन वर्षं मी स्वतःला खादाड समजत होते.

अठराव्या वर्षी सोनोग्राफी झाली आणि पीसीओडी निघाला. तुमच्यापैकी अर्ध्या जणींना पुढचा संवाद पाठ असेल. "घाबरायचं काही नाही. वजन कमी करा. आणि लग्न झालं, एक मूल झालं की सगळं आपोआप रुळावर येतं."

हे वाक्य एरवीही वाईटच आहे. माझ्या बाबतीत ते भयंकर होतं. का, ते सांगते.

१९९३ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापला. फिट येणाऱ्या बायका कुठल्या गोळ्या घेतात आणि त्यांच्या अंडाशयांचं काय होतं, असा तो विषय. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांमध्ये पॉलिसिस्टिक अंडाशयं इतरांपेक्षा बरीच जास्त सापडली. आणि ज्यांना ही गोळी विशीच्या आत सुरू झाली होती, त्यांच्यातल्या ८० टक्क्यांमध्ये एकतर अंडाशयं तशी होती किंवा पुरुषी हार्मोन वाढलेले होते. अभ्यास लहान होता. पुढं त्यावर वादही झाले, कारण अपस्मार असलेल्या बायकांमध्ये गोळीशिवायही पाळीच्या तक्रारी जास्त दिसतात. पण भूक वाढते, वजन वाढतं, हार्मोन बिघडू शकतात, हे या गोळीबद्दल डॉक्टरांना ठाऊक असलेलं जुनं प्रकरण आहे. हा अभ्यास छापला गेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट पोटात गेलं तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी द्यायची तर गर्भनिरोधनाची खात्री आणि दर वर्षी तिच्या सहीचा फॉर्म लागतो. जानेवारी २०२४ पासून तर पंचावन्नच्या आतल्या कुणालाही ती नव्यानं सुरू करायची असेल तर दोन तज्ज्ञांची संमती लागते. तिथंही हे सुखासुखी झालेलं नाही. मुलं जन्माला आली, आया वर्षानुवर्षं ओरडत राहिल्या, तेव्हा कुठं बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, आणि त्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिली, की या बायका सांगत होत्या आणि त्यांचं कुणी ऐकून घेत नव्हतं.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. लग्न झालं, एक मूल झालं की सगळं रुळावर येतं. हे एका बाईंनी, स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या, एका अठरा वर्षांच्या मुलीला सांगितलं. "फिटची गोळी चालू आहे" हे मी सांगितलं होतं. कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. काट्यावरचा आकडा मात्र दोनदा पाहिला.

(इथं एक हात जोडून विनंती. हे वाचून कुणीही आपली गोळी बंद करू नका. फिटची गोळी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. पट्टी घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा. माझं भांडण गोळीशी नाहीच. तिनं मला दहावी, बारावी, इंजिनिअरिंग करू दिलं. माझ्या प्रकारच्या अपस्मारावर तिच्याइतकी गुणकारी औषधं थोडीच आहेत. कुणी मला आणि आईबाबांना समोर बसवून फायदे-तोटे सांगितले असते, तर पंधराव्या वर्षी कदाचित आम्ही हीच गोळी निवडली असती. फक्त तीन वर्षं मी स्वतःचा तिरस्कार केला नसता.)

घरीही गप्पच बसायचं ठरलेलं होतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. तेविसाव्या वर्षी बायोडेटा करायला घेतला तेव्हा आत्यानं नियम घालून दिले. फिटचं बोलायचं नाही. पाळीचं तर नाहीच नाही. "वजनाचं काय, ते दिसतंच," ती म्हणाली, "ते तेवढं कमी कर." मला हसू आलं होतं. दोन आजार लपवायचे आणि तिसरा, जो मुळात आजारच नव्हता, त्या दोघांचा धूर होता, तो तेवढा बरा करायचा.

आत्याला मी पूर्ण दोष देत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार हा शब्द घातला होता. म्हणजे असा माणूस लग्नाला लायकच नाही. तो शब्द १९९९ मध्ये काढला. तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि आत्याच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. कायद्यातून शब्द खोडला की माणसांच्या मनातून खोडला जातो असं नाही.

तर वजन. २०१९ मध्ये पुण्यात नोकरी लागली आणि मी ठरवलं, आता बास, करूनच दाखवायचं. तुम्हाला तो काळ आठवत असेल. घराघरांत दीक्षित की दिवेकर असा सामना चालू होता. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी, यावर आमच्या सोसायटीत दोन तट पडले होते, आणि वाढदिवसाला केक कापताना लोक घड्याळाकडे बघायचे. कुठलाही आहाराचा बेत सर्वसाधारण माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. मी सर्वसाधारण माणूस नव्हते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मी जिम लावली.

जिममधला ट्रेनर मुलगा उत्साही होता. पहाटे पाचची बॅच. "ताई, पाचला उठणारा माणूस जिंकतोच." माझी शिफ्ट रात्री साडेअकराला सुटायची. घरी येऊन झोपायला एक. साडेचारचा गजर. सकाळची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळायचं, म्हणून ती नाश्त्यापर्यंत ढकलायची. आणि नाश्ता दुपारी बाराला, कारण सोळा तासांचा उपास. हे सगळं मी पाच आठवडे केलं. साडेतीन किलो उतरले. ऑफिसमध्ये टाळ्या पडल्या, अक्षरशः.

सहाव्या आठवड्यात ट्रेडमिलवर खांद्यातून हिसका आला. चहाच्या कपाची सात वर्षांनी आठवण झाली. पट्ट्यावरून खाली येईपर्यंत पुढचं काही आठवत नाही. कपाळावर चार टाके पडले, एक दात तुटला.

झोप तोडू नको, गोळी चुकवू नको, हे मला पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. मग मी असं का केलं? कारण पंधराव्या वर्षी ऐकलेली वाक्यं एकदाच ऐकली होती, आणि "वजन कमी कर" मी रोज ऐकत होते. शेवटी आपण त्याच आजारावर उपचार करतो ज्याबद्दल जग आपल्याला टोमणे मारतं. फिटबद्दल कुणी टोमणा मारत नाही. तिच्याबद्दल लोक बोलतच नाहीत.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी न्यूरोकडे पाठवलं. हे आठवे डॉक्टर. यांनी मला काट्यावर उभं केलं नाही. त्यांनी पट्टी मागितली, पाहिली, आणि विचारलं, "ही पंधराव्या वर्षापासून? पाळी कशी आहे? वजन कधीपासून वाढलं?" मी उत्तरं देत गेले आणि ते पेनानं एक सरळ रेघ काढून तिच्यावर वर्षं लिहीत गेले. तारखा एकाखाली एक आल्यावर मला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. मी तिथं बसून रडले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढं सरकवला आणि रडणं संपेपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

मग गोळी बदलायची ठरली. लॅमोट्रिजिन आठवड्याआठवड्यानं थोडी थोडी वाढवत न्यायची, कारण घाई केली तर अंगावर धोकादायक पुरळ येऊ शकतो. तिच्यामागून व्हॅल्प्रोएट कमी करत आणायची. या खेळात काही महिने गेले. वजन आपोआप पाच किलो उतरलं. मी काहीही वेगळं न खाता. ते पाच किलो उतरले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यात माझी जिद्द दिसत नव्हती.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पीसीओएस गेला नव्हता. पाळी अजून लहरीच होती. २०२२ मध्ये एका नव्या, मोठ्या, चकचकीत दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनची गोळी सुरू केली. पाळी नियमित व्हावी, हनुवटीवरचे केस कमी व्हावेत म्हणून. पीसीओएसवरचा हा अगदी रूढ उपचार आहे आणि पुष्कळ जणींना तो मानवतो. लॅमोट्रिजिनचं नाव मी स्वतः सांगितलं, फॉर्मवर लिहिलं. त्यांनी मान डोलावली, आहार-तज्ज्ञाचं कार्ड हातात दिलं, अर्थात.

इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणते. शरीर ते औषध लवकर बाहेर टाकायला लागतं. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर, दोन्ही डॉक्टर आपापल्या विषयात हुशार, आणि मधल्या मोकळ्या जागेत मी. अठराव्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये फिट आली. ज्या सहकाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांना सगळं माहीत झालं.

न्यूरोच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मला एक फोन करायचा होता." बरोबर आहे. पण तो फोन कुणी करायचा होता? मी? जिला हा परिणाम असतो हेच ठाऊक नव्हतं, तिनं?

मला उत्तर मिळतं ते ठरलेलं आहे. ओपीडीत रोज ऐंशी पेशंट असतात, एकेकीला चार मिनिटं मिळतात. मान्य. चार मिनिटांत डॉक्टरांनी माझा जीवनपट लिहावा असं मी म्हणत नाही. पण त्या चारांतलं दीड मिनिट वजनावर जातंच की. तेवढ्या वेळात "कुठली गोळी?" हा प्रश्न विचारून होतो. दोन शब्दांचा आहे. वजन कमी करा, यापेक्षा एका शब्दानं लहान.

आणि गंमत म्हणजे, पीसीओएस आहे की नाही हे ज्यावरून ठरतं ते २००३ चे रॉटरडॅमचे निकष काढून बघा. तीन आहेत. अंडं नियमित न सुटणं, पुरुषी हार्मोन जास्त असणं, सोनोग्राफीत अंडाशयं तशी दिसणं. तीनपैकी दोन हवेत. वजन त्या यादीत नाही. शेलाट्या मुलींनाही पीसीओएस असतो, आणि त्यांचं दुखणं आणखी वेगळं, कारण त्यांच्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तर सरळ लिहिलंय, की एखादाच विशिष्ट आहार इतरांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, आणि वजनावरून होणारी अवहेलना ही पीसीओएस असलेल्या बायकांची खरी समस्या आहे. ही कागदपत्रं फोनवर फुकट वाचता येतात. त्याच फोनवर मला दर तिसऱ्या रीलमध्ये एक बाई दालचिनीचं पाणी पाजायला बघते.

आता तर सुया आल्यात. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड भारतात आलं, जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड. मी त्यांच्या विरुद्ध नाही. ज्यांना लागू पडतं, परवडतं, त्यांनी जरूर घ्यावं, लाज वाटून घेऊ नये. पण मैत्रिणीनं मला लिंक पाठवली तेव्हा मी आधी एकच गोष्ट शोधली, माझ्या बाकीच्या गोळ्यांशी हिचं जमतं का. टिर्झेपटाइडनं पोट सावकाश रिकामं होतं आणि गर्भनिरोधक गोळीचा परिणाम त्यामुळं कमी होऊ शकतो, हे त्यात वाचलं. जाहिरातीत अर्थातच हसणारी बाई समुद्रकिनारी धावत होती.

सध्या मी ६१ किलोची आहे. आठ तास झोपते, संध्याकाळी पाऊण तास चालते, भाकरी पूर्ण खाते. वजन याहून खाली येईल असं वाटत नाही, आणि त्यासाठी झोप मोडायची माझी तयारी नाही. पाळी दीडदोन महिन्यांनी येते. तीन महिन्यांच्या वर गेली तर ती आणायची गोळी घेते, दोन्ही डॉक्टरांना विचारून. दोघांना एकमेकांचे नंबर मीच दिलेत.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीला, चौदा वर्षांची आहे, फिट आली. तिच्या आईनं मला फोन केला, कारण आता गावात सगळ्यांना माझं माहीत आहे. मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी ईईजी पाहिला, लिहायला घेतलं. तेच औषध. मी विचारलं, "सर, हिनं वजन, पाळी वाढतं वय..." माझी वाक्यरचना पार कोलमडली. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, डॉक्टर काय म्हणतील म्हणून. डॉक्टरही आधी त्रासलेच. "आपण कोण?"

"मी पंधराव्या वर्षी हीच गोळी घेत होते," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर सिस्टर दोनदा डोकावून गेली. त्यांनी मुलीकडे खुर्ची वळवली आणि तिलाच सांगायला लागले, दुसरी कुठली औषधं आहेत, कुठल्यानं काय होतं, कुठल्यानं चिडचिड होते, कुठल्यानं भूक लागते, काय काय लक्षात ठेवायचं. मी घड्याळ पाहिलं होतं. सहा मिनिटं लागली.